चेतसिक रोग आणि कल्याणमित्रता : अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात 'रोगसुत्त' नावाचे एक लहानसे सुत्त आहे. कायिक आणि चेतसिक असे रोगांचे दोन प्रकार तथागतांनी तेथे सांगितले आहेत. शरीराने एक वर्ष, दहा वर्षे, क्वचित शंभर वर्षेही निरोगी राहिलेली माणसे आढळतात. परंतु ज्यांचे आस्रव क्षीण झाले आहेत अशांखेरीज क्षणभर तरी मनाने निरोगी राहणारा प्राणी मिळणे दुर्लभ, असा त्या सुत्ताचा आशय आहे. या वचनाचा सर्वसाधारण अर्थ व्यक्तिगत पातळीवर लावला जातो. लोभ, द्वेष आणि मोह हे माझ्या मनाचे रोग, आणि ध्यान हा माझ्यापुरता उपचार, असे समजून उपासक त्यावर थांबतो. हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. ज्या समूहात मनुष्य जन्मतो, वाढतो आणि वावरतो तो समूह त्याच्या मनाला रोगी किंवा निरोगी करतो काय, हा प्रश्न त्यात सुटून जातो.

हा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्पष्ट शब्दांत मांडला होता. त्यांचे उत्तर आणि पालि वाङ्मयातील संघविचार यांचा संबंध दाखविणे, तसेच अहमदनगर जिल्ह्यातील पूर्वास्पृश्य समाजाच्या इतिहासावर तो पडताळून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. २०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या काळाचे विवेचन येथे करावयाचे आहे त्या काळातील नाव म्हणून लेखात अहमदनगर हेच नाव ठेवले आहे.

गावगाड्यातील स्थान

मनुष्याला समूह हवा असतो आणि समूहात राहिल्याने मन स्थिर राहते, असे म्हणण्याची पद्धत आहे. या म्हणण्याची पहिली परीक्षा गावगाड्यापाशी होते. पूर्वाश्रमीचा महार गावाबाहेर राहत असला तरी गावाच्या व्यवस्थेबाहेर नव्हता. वेशीवर पहारा देणारा येसकर तोच होता. सरकारी निरोप पोचविणे, सारा भरण्यासाठी लोकांना चावडीवर बोलावणे, मयताची वार्ता परगावी नेणे, मेलेले जनावर ओढणे, ही कामे त्याच्याकडे वंशपरंपरेने होती. शिवेचा तंटा निघाला तर हद्द दाखविण्यासाठी त्याचीच साक्ष घेतली जाई. या सर्वांच्या मोबदल्यात त्याला वतनाची जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी मिळे. म्हणजे गावाच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी तो हजर होता आणि कोणत्याही प्रसंगी गावाचा नव्हता.

या स्थानाला समूहाचे सदस्यत्व म्हणता येईल काय? एका अर्थाने येईल. वतनदार महाराला आपल्या हक्कांचा अभिमान होता. बावन्न हक्कांची परंपरा तो सांगत असे, आणि कोणत्या घराण्याकडे पाटीलकीबरोबर कोणते मान आहेत हे त्याला तोंडपाठ असे. परंतु हा अभिमान ज्या व्यवस्थेतून येत होता, तीच व्यवस्था त्याला रोज सकाळी अपमानित करीत होती. ज्या हाताने भाकरी टाकली जाते त्याच हातावर जगणे अवलंबून असेल, तर राग कोणावर करावयाचा? असा राग आत वळतो. आपण यालाच पात्र आहोत, ही समजूत मनात रुजते आणि पुढे ती स्वभाव म्हणून ओळखली जाते.

समूहाच्या सदस्यत्वाने मनाला बळ मिळते, हे विधान म्हणूनच जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. समूह कशाच्या आधारावर माणसाला आत घेतो, आत घेतल्यावर त्याला बोलण्याचा अधिकार देतो की नाही, आणि त्याच्याकडून चूक झाल्यास परत येण्याची वाट ठेवतो की नाही, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. गावगाड्याची तिन्ही प्रश्नांवरील उत्तरे नकारार्थी होती. प्रवेश जन्माने ठरलेला, चावडीवर बसण्याचा अधिकार नाही, आणि रूढी मोडल्यास बहिष्काराला मुदत नाही.

मानसिक बळाचा सिद्धांत

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. येवले नाशिक जिल्ह्यात असले तरी ते कोपरगाव तालुक्याला लागून आहे. घोषणेनंतर ३० व ३१ मे १९३६ रोजी मुंबईत नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली. त्या परिषदेतील बाबासाहेबांचे भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. धर्मांतराची राजकीय आणि तात्त्विक कारणमीमांसा म्हणून ते भाषण पुष्कळदा वाचले जाते. मानसशास्त्राच्या दृष्टीने ते क्वचितच वाचले गेले आहे.

अन्यायाचा प्रतिकार करण्यास तीन प्रकारचे बळ लागते, असे बाबासाहेबांनी त्या भाषणात सांगितले : मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. अस्पृश्यांची संख्या थोडी आणि विखुरलेली, द्रव्य तर नाहीच. तिसऱ्या बळाची स्थिती त्यांनी सर्वांत वाईट मानली. शेकडो वर्षे अपमान आणि जुलूम निमूटपणे सोसल्यामुळे प्रत्युत्तर देण्याची सवय गेली, आत्मविश्वास गेला, महत्त्वाकांक्षा गेली, असे त्यांचे निदान होते. यात समाजाला दोष दिलेला नाही. दीर्घकाळ केलेल्या सक्तीचा तो परिणाम आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

निदानानंतर त्यांनी उपाय सांगितला तो महत्त्वाचा आहे. स्वतःजवळ सामर्थ्य नसेल तर ते बाहेरून मिळविले पाहिजे. बाहेरून सामर्थ्य मिळावयाचे तर दुसऱ्या एखाद्या समाजाशी नाते जडले पाहिजे, आणि धर्मांतराखेरीज असे नाते जडत नाही. एकट्या माणसाने मन घट्ट करावे, असा उपदेश येथे नाही. मनाचे बळ नात्यातून येते आणि नाते समाजाच्या रचनेतून येते, असा हा कार्यकारणभाव आहे. पटिच्चसमुप्पादाची पद्धत ज्यांना परिचित आहे त्यांना या मांडणीतील विचारसरणी ओळखीची वाटेल. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते.

याच जिल्ह्यात एक वेगळा प्रयोग आधीपासून चालू होता. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे केंद्र स्थापन केले. पुढील काळात जिल्ह्यातील पुष्कळ महार आणि मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मिशनच्या शाळांनी त्यांच्या मुलामुलींना अक्षरओळख दिली, दवाखान्यांनी औषध दिले. हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु गावात राहणाऱ्या ख्रिस्ती महाराकडे गावाने महार म्हणूनच पाहिले. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या कार्यातील उणीव दाखविली : बाप्तिस्मा दिला म्हणजे कर्तव्य संपले असे ते समजतात आणि धर्मांतरितांच्या राजकीय हक्कांकडे लक्ष देत नाहीत. नवा समूह मिळाला तरी जुन्या समूहाची पकड सुटत नाही, तोवर मानसिक बळ अर्धवटच राहते, हा त्यातून मिळणारा धडा आहे.

हरेगाव, १९३९

बाबासाहेबांच्या चळवळीने या जिल्ह्यात लवकर मूळ धरले. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम अहमदनगर जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. ज्याच्या बापजाद्यांनी चावडीच्या पायरीखाली उभे राहून जोहार घातला, त्या समाजाचा प्रतिनिधी कायदेमंडळात बसला, ही घटना राजकीय आहे तितकीच मानसिकही आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी, १६ डिसेंबर १९३९ रोजी, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वतनदारांची परिषद भरली. वतनी जमिनीवरील जुडी सरकारने वाढविली होती, तिचा निषेध हे तात्कालिक कारण होते. परंतु वतनाचा प्रश्न त्याहून जुना होता. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजीच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. वतनामुळे महार सरकारचा नोकर आणि गावाचा गुलाम झाला आहे, त्याची महत्त्वाकांक्षा त्या तुटपुंज्या जमिनीच्या तुकड्याने आणि भाकरीने मारून टाकली आहे, अशी त्यांची भूमिका होती.

हरेगावच्या परिषदेकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. वतन हे वेगवेगळ्या गावांतील महारांना आपापल्या गावाशी बांधून ठेवीत होते. शेजारच्या गावचा महार हा एकाच वतनातील हिस्सेदार नसल्याने नात्यागोत्यापलीकडे त्याच्याशी संबंध नव्हता, आणि एकाच गावातील भाऊबंद वाट्यासाठी एकमेकांशी भांडत होते. परिषदेने या विखुरलेल्या माणसांना प्रथमच एका प्रश्नाभोवती एकत्र बसविले. ज्याला आजवर फक्त बोलावले जात होते, तो आपल्या पायांनी आपल्या सभेला आला. येथे गाऱ्हाणे सांगावयाचे होते ते मालकापुढे हात जोडून नव्हे, तर आपल्यासारख्यांच्या साक्षीने. दुःख तेच; परंतु ते सर्वांचे आहे असे कळल्यावर त्याचा मनावरील भार पालटतो. जे दैव वाटत होते ते अन्याय म्हणून ओळखले जाते.

वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते. हरेगावची ती तारीख मात्र समाजाच्या स्मरणात राहिली.

दोन नावांचे जगणे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि पुढील काही वर्षांत अहमदनगर जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांपर्यंत तिची लाट पोचली. देव्हाऱ्यातील टाक गेले, मेलेली जनावरे ओढणे थांबले, महारवाड्याचा बौद्धवाडा झाला. नाव पालटणे ही वरवरची गोष्ट नाही. 'तू कोण?' या प्रश्नाला मनुष्य जे उत्तर देतो त्यावर त्याचे स्वतःविषयीचे मत घडत असते.

परंतु या नव्या उत्तराला कागदोपत्री मान्यता मिळण्यास फार काळ लागला. धर्मांतरामुळे अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० साली राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत हजारो कुटुंबांना घरी त्रिसरण-पंचशील म्हणावयाचे आणि दाखल्यावर हिंदू महार लिहावयाचे, असे दुहेरी जगणे पत्करावे लागले. नोकरीच्या ठिकाणी आडनाव सांगताना अडखळणे, भाड्याची खोली शोधताना गावाचे नाव पुढे करून जात झाकणे, ही त्याच दुहेरीपणाची रोजची रूपे होती.

या अनुभवाचे वाङ्मयीन रूप याच जिल्ह्याने मराठीला दिले. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार (१९३५–१९९६) यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्या आत्मकथनाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. शहरात स्थिरावलेला, लेखक म्हणून ओळखला जाणारा दया पवार हा गावकुसाबाहेर वाढलेल्या दगडू मारुती पवारला भेटतो आणि त्याची कहाणी ऐकतो. दोघे एकच आहेत. एका देहात दोन माणसे राहतात आणि एकाला दुसऱ्याची ओळख सांगण्याचा संकोच वाटतो. रसिकांनी याला निवेदनाची पद्धत म्हटले. ज्या पिढीने दोन समूहांच्या सीमेवर आयुष्य काढले, तिला मात्र हे स्वतःच्या मनाचे वर्णन वाटले. जुना समूह सोडलेला, नव्या मध्यमवर्गाने आत न घेतलेले, आणि वस्तीतील आपल्याच माणसांपासून शिक्षणाने दूर गेलेले असे एकटेपण त्या पिढीच्या वाट्याला आले. शिक्षणाने मुक्ती मिळते हे खरे, परंतु शिकलेल्या माणसाचा स्वतःचा असा समूह नसेल तर ती मुक्ती त्याला पोरकी करते.

पालि वाङ्मयातील संघ

या एकटेपणाचा विचार तथागतांनी केला होता काय? पालि साहित्यात त्याचे भरपूर पुरावे आहेत. उदानातील मेघिय हा भिक्षू तथागतांना सोडून एका रम्य आंबराईत एकटाच ध्यानाला बसला. त्याला शांती मिळाली नाही. काम, व्यापाद आणि विहिंसा यांच्या विचारांनी त्याला घेरले. परत आल्यावर तथागतांनी अपरिपक्व चित्ताच्या विमुक्तीसाठी पाच गोष्टी सांगितल्या, आणि त्यांत पहिले स्थान कल्याणमित्रतेला दिले. शील, धम्मचर्चा, उद्योग आणि प्रज्ञा ही तिच्यामागून येतात. संयुत्तनिकायात आनंदाने कल्याणमित्रता ही ब्रह्मचर्याचा अर्धा भाग आहे असे म्हटले, तेव्हा तथागतांनी त्याला थांबविले आणि ती अर्धा भाग नसून संपूर्ण ब्रह्मचर्य आहे असे सांगितले. वनवास आणि एकांत यांची प्रशंसा करणाऱ्या परंपरेत हे विधान यावे, यातच त्याचे महत्त्व आहे.

हा विचार उपदेशापुरता राहिला नाही. थेरीगाथेची अट्ठकथा सांगते की पती, दोन मुले, आई-वडील आणि भाऊ यांच्या मृत्यूने वेडी झालेली पटाचारा विवस्त्र अवस्थेत जेतवनात आली. लोकांनी तिला हाकलण्याचा प्रयत्न केला. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर आणले, आणि कोणा एका श्रोत्याने तिच्या अंगावर वस्त्र टाकले. कथा येथे संपत नाही. पुढे हीच पटाचारा अपत्यशोकाने व्याकुळ झालेल्या अनेक स्त्रियांची गुरू झाली आणि त्यांच्या गाथा थेरीगाथेत तिच्या नावाने जोडल्या गेल्या. ज्या शोकाने तिचा तोल गेला होता त्याच शोकाचा अनुभव घेऊन ती दुसऱ्यांच्या उपयोगी पडली. शोकग्रस्तांनी शोकग्रस्तांना सावरण्याची ही पद्धत अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्षुणीसंघाने आचरणात आणली होती.

प्रवेशाच्या बाबतीतही संघाची रीत गावगाड्याच्या नेमकी उलट होती. शाक्य कुमारांनी आपला कुलाभिमान उतरावा म्हणून त्यांच्या न्हाव्याला, उपालीला, आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली आणि मग त्यालाच वंदन केले. निर्माल्य काढणाऱ्या हीन कुळातील सुनीतासाठी तथागत वाटेत थांबले. महानद्या समुद्राला मिळाल्यावर आपली नावे टाकतात, त्याप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर पूर्वीची नामगोत्रे टाकतात, ही अंगुत्तरनिकायातील उपमा सर्वपरिचित आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी उपाली, सुनीत, सोपाक आणि सुप्पिय यांच्या दीक्षांना स्वतंत्र स्थान दिले, ते याच कारणासाठी.

संघ म्हणजे दोषरहित समूह, असा मात्र समज करून घेऊ नये. विनयपिटकाने त्याचे दोष लपविलेले नाहीत. पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूकडे कोणी पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः स्नान घातले आणि मग भिक्षूंना बजावले की येथे तुमचे आई-वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. कोसंबीच्या भिक्षूंमध्ये क्षुल्लक कारणावरून दोन तट पडले तेव्हा समजावूनही ते ऐकेनात. तथागत त्यांना सोडून निघून गेले. वाटेत त्यांना अनुरुद्ध, नन्दिय आणि किम्बिल हे तिघे एकत्र राहताना भेटले. जो भिक्षेहून आधी येईल त्याने आसने मांडावी, जो मागून येईल त्याने आवरावे, जड घागर असेल तर खुणेने दुसऱ्याला बोलवावे, आणि दर पाचव्या रात्री एकत्र बसून धम्मचर्चा करावी, असा त्यांचा क्रम होता. दुधात पाणी मिसळावे तसे ते एकमेकांशी मिसळून राहत. मोठा संघ भांडला आणि लहान गट निरोगी राहिला, ही तुलना विनयाने मुद्दाम नोंदवून ठेवली आहे.

बहिष्कार आणि ब्रह्मदण्ड

समूहाच्या हातातील सर्वांत कठोर शस्त्र म्हणजे बहिष्कार. संघातही ते होते. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी छन्न या उद्धट भिक्षूला ब्रह्मदण्ड देण्यास सांगितले होते : त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. चुल्लवग्गातील वर्णनानुसार हा दण्ड ऐकताच छन्न मूर्च्छित होऊन पडला. कोणी बोलणार नसेल तर मी मेल्यातच जमा आहे, असा त्याच्या उद्गाराचा भाव आहे. २००३ साली अमेरिकन संशोधकांनी प्रयोगाने दाखविले की खेळातून वगळले गेल्यावर माणसाच्या मेंदूचा जो भाग उद्दीपित होतो तो शारीरिक वेदनेशीही संबंधित आहे. छन्नाची मूर्च्छा याच सत्याची जुनी नोंद आहे.

परंतु ब्रह्मदण्ड आणि गावाचा बहिष्कार यांत मूलभूत भेद आहे. ब्रह्मदण्ड आचरणासाठी होता, जन्मासाठी नव्हता. छन्नाने उद्योग करून अर्हत्पद प्राप्त केले आणि दण्ड उठविण्याची विनंती केली, तेव्हा आनंदाने सांगितले की ज्या क्षणी तू अर्हत् झालास त्याच क्षणी दण्ड संपला. परतीची वाट सुरुवातीपासूनच खुली होती. गावाच्या बहिष्काराला अशी वाट नव्हती, कारण बहिष्कृताचा गुन्हा त्याचा जन्म हाच होता. 'महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण' करणारा कायदा २०१६ साली संमत होऊन २०१७ मध्ये अमलात आला. विसाव्या शतकात अनेक कायदे होऊनही असा कायदा करण्याची गरज भासली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ रोजी आत्महत्या केली. त्यापूर्वी त्याला चार सहकाऱ्यांसह वसतिगृहातून काढण्यात आले होते आणि ते पाचजण विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर राहत होते. शिक्षणसंस्थेच्या कुंपणाच्या आत गावकूस कसे उभे राहते, हे त्या प्रकरणाने देशाला दाखविले.

अन्य देशांचा अनुभव

इतर संस्कृतींतील निष्कर्ष या विचाराला पुष्टी देतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखैम याने १८९७ साली आत्महत्येवरील ग्रंथात दाखविले की आत्महत्या ही केवळ व्यक्तीच्या मनाची घटना नसून समूहाच्या बांधणीशी तिचा संबंध आहे. त्याच वेळी त्याने अशीही नोंद केली की समूहाचे बंधन अतिरेकी झाले तरी मनुष्य जीव देतो. २०१० साली १४८ अभ्यासांचे आणि तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट आहेत त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये जगातील सहा माणसांपैकी एकजण एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे नमूद केले.

आपल्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद अभ्यास कॅनडातील आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आदिवासी समुदायांमध्ये तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण सरासरीने फार मोठे होते. चँडलर आणि लालोंद या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की ही सरासरी फसवी आहे. काही समुदायांत आत्महत्या जवळजवळ नव्हत्या, तर काहींत त्या अतोनात होत्या. ज्या समुदायांनी आपले स्वशासन, जमिनीचे हक्क, शाळा, आरोग्यसेवा आणि सांस्कृतिक केंद्रे आपल्या हाती घेतली होती, तेथील तरुण अधिक सुरक्षित होते. समान दारिद्र्य, समान इतिहास. फरक समूहाच्या स्वतःवरील अधिकारात. हरेगावच्या परिषदेचा अर्थ या अभ्यासाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो.

असाच एक दाखला आपल्या जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळात हातपंप घेताना त्यांनी तो दलित वस्तीत येईल अशी योजना केली, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तेथे यावे लागले. निरनिराळ्या जातींतील, पुष्कळदा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून एकत्र शिकविले आणि गावोगावी महिला मंडळे उभी केली. या प्रकल्पाशी संबंधित स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरील एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. भेदभाव व हिंसा यांपासून मुक्तता, समूहात सामावले जाणे आणि आर्थिक साधने हाती येणे, या तीन आधारांवर त्यात स्त्रियांचे अनुभव तपासले आहेत. तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला मंडळात बोलण्याचा धीर आला तरी तिच्या हाती चार पैसे नसतील तर तो धीर टिकत नाही.

आजचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांहून अधिक होती. गावोगावी विहारे उभी आहेत. ४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने बौद्धाचार्य घडविले, श्रामणेर शिबिरे घेतली, वर्षावासात ग्रंथवाचनाची परंपरा रुजविली. हे सर्व असूनही पुष्कळ विहारांची दारे जयंती, बुद्धपौर्णिमा आणि वर्षावास सोडला तर बंद असतात. समाज एकत्र येतो तो मिरवणुकीत किंवा अंत्ययात्रेत. मधल्या दिवसांत माणूस एकटा असतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच हरेगावात चोरीच्या संशयावरून चार तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. त्यांत दलित समाजाची मुले होती. १९३९ च्या परिषदेच्या गावी हे घडले, हे विसरता येत नाही. अशा घटनेनंतर मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, खटला उभा राहतो. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु मोर्चा परतल्यावर त्या मुलाच्या रात्री कोण सांभाळतो? त्याच्या आईशेजारी कोण बसते? कायिक जखमेला दवाखाना आहे, न्यायाला न्यायालय आहे; चेतसिक जखमेसाठी संघ हवा.

विहाराने औषधोपचाराची जागा घ्यावी, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. मनाचा आजार जडला असेल तर वैद्यकीय उपचारच घेतले पाहिजेत. २०२२ पासून शासनाची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे आणि तिचा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर असावयास हरकत नाही. परंतु आजार जडण्यापूर्वी आणि उपचार संपल्यानंतरचा दीर्घ काळ विहाराच्या वाट्याचा आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. अनुरुद्ध, नन्दिय आणि किम्बिल यांच्याप्रमाणे पाच-सात उपासक-उपासिकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून भेटावे. वंदनेनंतर ग्रंथातील एक प्रकरण वाचावे आणि मग घरचे बोलावे. जो सलग दोन आठवडे आला नाही त्याच्या घरी कोणीतरी जावे. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात गेलेल्या मुलामुलींना महिन्यातून एकदा फोन करावा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या म्हाताऱ्यांची विचारपूस करावी. दारू सोडू पाहणाऱ्याला वस्तीने टोचून बोलण्याऐवजी परतीची वाट दाखवावी. उपासिकांना केवळ स्वयंपाकापुरते न बोलावता त्यांच्या हाती विहाराचा कारभार द्यावा.

त्याचबरोबर वर सांगितलेले तीन प्रश्न आपण आपल्या समूहालाही विचारले पाहिजेत. आपल्या विहारात मातंग, चर्मकार किंवा भटक्या समाजाचा माणूस आला तर त्याला आत घेताना आपण जन्म विचारतो काय? तरुणांना आणि स्त्रियांना बोलण्याचा अधिकार आहे काय? गटातटाच्या राजकारणात दुसऱ्या तटाला गेलेल्या बांधवासाठी दार उघडे आहे काय? कोसंबीच्या भिक्षूंना तथागतांनी सोडले हे जितके खरे, तितकेच पुढे ते क्षमा मागण्यासाठी सावत्थीला आले आणि त्यांना स्वीकारण्यात आले, हेही खरे आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ज्या मानसिक बळाची उणीव दाखविली होती, ते मिळविण्यासाठी त्यांनी आपल्याला संघाचे शरण दिले. त्रिसरणातील तिसरे सरण आपण रोज उच्चारतो. आपल्या वस्तीतील कोणते घर आज एकटे पडले आहे, याची चौकशी या आठवड्यापासूनच सुरू करता येईल.